मरायला हवी होती ती वांगी

माझं काम लोकांना समजावून सांगायचं म्हणजे डोकेदुखी. सुरतेच्या उधन्यात आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटतं, मी शेतीच्या केंद्रात आहे, म्हणजे झाडं वाढवत असणार. खरं तर मी झाडं मारते. वांग्याच्या रोपांच्या मुळांशी रोगाचे जिवाणू ओतायचे, मग कोण मरतं आणि कोण उभं राहतं ते बघत बसायचं. जे उभं राहील त्याचं बी पुढे धरायचं. आई म्हणते, "इतकी वर्षं शिकून शेवटी हीच नोकरी मिळाली का तुला, हिरवी झाडं मारायची?" तिला उत्तर द्यायच्या भानगडीत मी आता पडत नाही.

रोगाचं नाव मर. सकाळी टवटवीत असलेलं झाड दुपारी मान टाकतं, पानं हिरवी असतानाच. पिवळं पडायलाही त्याला सवड मिळत नाही. अशा झाडाचा देठ कापून काचेच्या पेल्यातल्या पाण्यात धरला, की दुधासारखा पांढरा धागा खाली उतरायला लागतो. ते दूध म्हणजे जिवाणू. झाडाच्या पाणी वाहायच्या नळ्यांत ते इतके माजतात की वर पाणीच चढत नाही. मुळं ओल्या मातीत, आणि झाड तहानेनं मेलेलं.

माणसाच्या अंगात रक्तातून फिरणारे राखणदार असतात. झाडाला रक्तच नाही, तर राखणदार फिरणार कशातून? म्हणून त्याची प्रत्येक पेशी आपापलं दार आपणच राखते. आलेला पाहुणा की चोर, हे तिला ओळखता आलं तर ती वाट बंद करते, वेळ आली तर स्वतः मरून बंद करते. ओळखता आलं नाही तर चोर घरात शिरून बिऱ्हाड थाटतो. सगळा खेळ ओळखण्याचा आहे. तो खेळ कसा चालतो, यावर मी इतकी वर्षं घातली आहेत, आणि मला त्यातलं किती कळलं असं कोणी विचारलं तर मी विषय बदलते.

आमचं गाव धुळ्याकडे. तिथलं भरताचं वांगं मोठं, हिरवं, भाजलं की साल एका ओढीत निघणारं. चवीला त्याला तोड नाही आणि मर रोगापुढे त्याचा टिकाव नाही. मी त्याचा एका काटेरी रानवांग्याशी संकर केला, त्यातून निवडत निवडत एक ओळ तयार केली. फळ बरंचसं गावच्या वांग्यासारखं आणि काटकपणा, निदान मला वाटत होतं, रानातला. दिवाळीनंतर केंद्रात समिती बसणार होती. माझी ओळ रोगापुढे टिकली तर प्रकल्प पुढे, नाही तर बंद. प्रकल्प बंद म्हणजे मीही घरी, कारण माझी नेमणूक प्रकल्पापुरतीच. हे मी एकदा जेवताना चांगलं मोठ्यानं बोलले होते. आप्पा, म्हणजे माझे वडील, समोरच बसले होते.

आप्पांनी सारी उमर कतारगामला मागावर काढली. मागाच्या खडखडाटानं कान अर्धे गेले, मग गुडघे गेले, मग मालकानं जुने मागच भंगारात काढले. घरी बसले आणि घरच्यांना सळो की पळो करून सोडलं. भाजी अशी का चिरली, पंखा का चालू, दार का उघडं. केंद्रात जाळीघरातल्या कुंड्यांना पाणी घालायला माणूस हवा होता. मी ठेकेदाराच्या कानावर घातलं, आणि आप्पा माझ्याच स्कूटरवर मागे बसून, मांडीवर डबा धरून, रोज बारडोली रस्त्यानं माझ्याबरोबर यायला लागले. घरात शांतता झाली. मला वाटलं, एका दगडात दोन पक्षी मारले.

जाळीघरात कुंड्यांच्या तीन ओळी होत्या. एक रानवांग्याची, ती मरत नाही हे ठाऊकच होतं. एक माझी. आणि एक गावच्या वांग्याची, जी मरायलाच हवी. शेतकऱ्याला हे सांगितलं की तो हसतो, पण त्या मरणाऱ्या ओळीवरच सगळं अवलंबून असतं. परीक्षेत झाडून सगळे पास झाले तर पेपर फुटला म्हणायचा. गावची ओळ मेली आणि माझी जगली, तरच तिच्या जगण्याला अर्थ.

मुळांना सुरीनं बारीक जखम केली, जिवाणूंचं पाणी ओतलं आणि वाट बघायला लागले. मी सोमवारी आणि गुरुवारी नोंदी घ्यायला जात असे, बाकीचे दिवस रस्त्यापलीकडच्या इमारतीत प्रयोगशाळेत. पहिल्या सोमवारी सगळी झाडं उभी. म्हटलं, लवकर आहे. गुरुवारी सगळी उभी. पुढच्या सोमवारीही. गावचं वांगं, जे शेतात नुसत्या वाऱ्यानं मरतं असं आप्पा स्वतः सांगायचे, ते माझ्याकडे मान वर करून बघत होतं.

आता काय करावं मला कळेना. जिवाणू मेले असतील म्हणून तेच पाणी प्रयोगशाळेत टोमॅटोच्या रोपांना घातलं, तर ती दोन दिवसांत आडवी. म्हणजे जिवाणू ठणठणीत. ऊन कमी पडलं म्हणावं, तर सुरतेच्या आश्विनात जाळीघरात उभं राहिलं तर माणूस मान टाकेल, झाडाचं काय घेऊन बसलात. माती तपासली, पाणी तपासलं. पाण्यात क्लोरीन असेल म्हणून आप्पांना टाकीतलं पाणी सोडून विहिरीचं घालायला सांगितलं. ते म्हणाले, "बरं." पुढच्या खेपेला पुन्हा सगळी उभी. मी घरी भाजीत मीठ दोनदा घातलं आणि आईची बोलणी खाल्ली.

एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांत भरली. गावच्या ओळीतली बरीच झाडं बुटकी राहिली होती. जिवंत, हिरवीगार, पण वाढ अशी नाहीच. माझ्या ओळीतही काही बुटकी होती, पण तिथं रानाचं रक्त, थोडं इकडेतिकडे व्हायचंच, म्हणून मी ते सोडून दिलं. गावच्या झाडांवर मात्र माझं डोकं भिरभिरायला लागलं. झाडाची कमाई ठरावीक असते. ती राखणीवर खर्च केली तर वाढीला उरत नाही. आमच्या विषयात हे सगळ्यांना माहीत आहे. मग असं तर नसेल, की आमच्या गावच्या वांग्यात कुठली तरी दडलेली ताकद आहे, आणि ते रोगाशी झुंजतंय, म्हणून वाढत नाहीये? इतक्या पिढ्या आपण ज्याला नाजूक म्हणत आलो, तेच शूर निघालं तर?

खरं सांगते, मी हुरळून गेले. स्कूटरवर मागे वळून आप्पांना ओरडून सांगितलं, "आप्पा, आपलं गावचं वांगं काही मरत नाही बघा." वाऱ्यात त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, कानाचा दोष.

आमच्या मॅडम, म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुख, पक्क्या सुरती. त्यांच्याशी मी हिंदीत बोलते, त्या गुजरातीत उत्तर देतात, आणि आमचं व्यवस्थित चालतं. त्यांना माझी कल्पना सांगितली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि एवढंच म्हणाल्या, "जोईए." म्हणजे, बघू. त्यांच्या त्या ‘बघू’नं माझा फुगा थोडा बसला. मग मी ठरवलं, मुळं बघायची. झाड खरंच झुंजत असेल तर मुळांत खुणा सापडतील.

गावच्या ओळीतलं एक बुटकं झाड हलक्या हातानं उपटलं. आणि बघतच राहिले. मुळांभोवती नारळाच्या भुशाचं गाठोडं, वर रुंद, खाली निमुळतं, जसंच्या तसं. रोपं वाढवायच्या ट्रेचा एकेक खण असतो ना, नेमका त्याच आकाराचं. मुळांनी त्या गाठोड्याबाहेर जेमतेम तोंड काढलं होतं. इतक्या दिवसांत मुळं कुंडीभर पसरायला हवी होती. दुसरं उपटलं, तेच. तिसरं, तेच. हे झाड बुटकं नव्हतं. ते फक्त नवीन होतं. कोणी तरी मेलेलं झाड काढून त्या जागी ट्रेमधलं ताजं रोप लावलं होतं.

माझी पहिली शंका गेली शेजारच्या टेबलावर. तिथला सहकारी मिरचीवर काम करतो आणि माझं जाळीघर त्याला कधीपासून हवं होतं. मी तशीच, हातात मातीसकट झाडं घेऊन, तरातरा त्याच्यापुढे गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. माणूस डबा खात होता. त्यानं घास खाली ठेवला आणि म्हणाला, "ताई, मला वांगं खायलासुद्धा आवडत नाही, मी ते लावायला कशाला जाऊ?" त्याचा चेहरा बघून मला कळलं, हा तो नव्हे. मग तर मी आणखीच गोंधळले. वाईट करणारा तरी समजून घेता येतो. झाडं जगवून माझं वाटोळं कोण करणार?

जाळीघरात परत आले तर आप्पा पाइप गुंडाळत होते. माझ्या हातातली झाडं बघून ते थांबले.

"का उपटनी व माय?" त्यांनी विचारलं. आप्पा घरी काय आणि बाहेर काय, अहिराणीच बोलतात.

"आप्पा, ही झाडं कोणी बदलली, तुम्ही कोणाला बघितलंत?"

"कोनी म्हंजे? नांग्या मी भऱ्यात."

इतक्या सहज म्हणाले, जसं काही दारातली रांगोळी मीच काढली म्हणावं. नांगी म्हणजे शेतात रोप मेल्यावर ओळीत पडलेली मोकळी जागा. लागवडीनंतर चार दिवसांनी शेतकरी बांधावरून फिरतो आणि मेलेल्याच्या जागी जपून ठेवलेलं रोप लावतो. आमच्या गावात ज्याच्या ओळीत नांगी दिसली तो आळशी, मग त्यानं बाकी कितीही राबावं. आप्पा त्या मातीत वाढले, आणि पुढे सारी उमर त्यांनी मागावर हेच केलं. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, परत चालू. तुटलेला धागा तसाच सोडून पुढे जाणारा कारागीर त्यांच्या लेखी माणूसच नव्हे. रोज सकाळी, मी जाळीघरात पाऊल टाकायच्या आत, ते मेलेलं झाड काढत, कोपऱ्यातल्या उरलेल्या ट्रेमधून त्याच जातीचं रोप आणून लावत, आणि झारीनं पाणी घालत. जात चुकू नये याचीही काळजी घेत. चुकली असती तर मला आधीच कळलं असतं.

माझं टाळकं सरकलं. जाळीघरात कोणी नव्हतं म्हणून बरं. "आप्पा, ती मरायलाच ठेवली होती. मरू द्यायची होती." ते माझ्याकडे बघत राहिले. "मरू द्याले झाड लावतस का कोनी?" म्हणाले. मी सांगायला लागले, कुंडी, ओळ, तुलना, समिती. अर्ध्यावर थांबले. सांगता सांगता मलाच ते वेड्यासारखं वाटायला लागलं.

मग माझ्या ओळीकडे लक्ष गेलं. "आणि माझ्या ओळीत? तिथेही भरल्या?"

आप्पांनी पाइपाचं तोंड साफ केलं. "तुनी वळमा कशानी नांगी? तुनी वळ चांगली शे."

जीव भांड्यात पडला. तरी खात्री म्हणून माझ्या ओळीतली दोन झाडं उपटली. मुळं खोल, कुंडीच्या तळापर्यंत, गाठोड्याचा पत्ता नाही. आणखी उपटायला हात गेला होता, पण म्हटलं, आप्पांनी सांगितलं ना. इतक्या नांग्या भरणाऱ्या माणसाला माझ्या ओळीत एकही भरावी लागली नाही, यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवा? तो कुठल्या अहवालात लिहिता येणार नव्हता, ही गोष्ट वेगळी. घरी जाताना मी रागानं गप्प होते आणि आतून खूश होते. दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते मला विचारू नका.

मग मॅडमना सांगायला गेले. पाणी घालणारा माणूस कोण, हे त्यांनी विचारलं आणि मी "माझे वडील" म्हटलं. त्यांनी चष्मा काढला. मग हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "फरीथी करो," म्हणाल्या, पुन्हा करा, समितीच्या आधी बसतंय कसंबसं. आणि स्वतः जाळीघरात जाऊन आप्पांना हिंदीत म्हणाल्या, "काका, इस बार मरने देना." आप्पांनी हात जोडले.

पुन्हा रोपं, पुन्हा जखम, पुन्हा जिवाणूंचं पाणी. या खेपेला मी रोज जात होते. आप्पा झाडांना हात लावत नव्हते, पण त्यांचं मन काही थाऱ्यावर नव्हतं. गावच्या ओळीतल्या पहिल्या झाडानं मान टाकली, तेव्हा ते पाइप धरून तिथंच उभे राहिले आणि पाणी भलत्याच कुंडीतून वाहून गेलं. मग एकामागून एक पडत गेली. जशी मरायला हवी तशीच मरत होती, पुस्तकात लिहावी तशी. देठ कापून पेल्यात धरला की दुधाचा धागा. मी नोंदी करत होते आणि मला आनंद व्हायला हवा होता. आप्पा घरी दोन दिवस धड जेवले नाहीत. आई मला म्हणाली, "काय करतेस तू त्यांना तिथे नेऊन?"

आणि मग एका दुपारी माझ्या ओळीतल्या एका झाडाची वरची पानं लोंबलेली दिसली. ऊन असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते आडवं. त्याच्या शेजारचं. मग मधलं एक सोडून पुढचं. देठ कापला, पाण्यात धरला, आणि पांढरा धागा सावकाश खाली उतरला. मी तो पेला उन्हात धरून वरखाली बघत होते. काही चुकलं का? बी मिसळलं का? जखम जास्त झाली का? मागच्या खेपेला एकही गेलं नव्हतं आणि या खेपेला अशी पडतायत, हा कुठला न्याय? सगळं तेच होतं. तीच कुंडी, तीच माती, तेच जिवाणू.

आठवडा संपता संपता माझी अर्धी ओळ जमिनीवर होती. मी कुंड्यांपाशी उकिडवी बसले होते. आप्पा पलीकडे नळापाशी होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला नसता तर बरं, असंही वाटलं.

"आप्पा," मी म्हटलं, "मागच्या खेपेला माझ्या ओळीत नांगी पडली नव्हती म्हणालात."

त्यांनी नळ बंद केला. झारी उचलली, परत खाली ठेवली. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी परत विचारायला तोंड उघडलं.

"पहिली नांगी तुनीच वळमा पडनी व्हती," ते म्हणाले.

ते खाली बघत सांगत राहिले. पहिल्याच आठवड्यात, गावची ओळ अजून उभी असताना, माझं एक झाड गेलं. मी जेवताना जे बोलले होते ते त्यांच्या डोक्यात होतं. ओळ पडली तर पोरीचं काम जाईल. त्यांनी ट्रेमधून रोप आणून लावलं. मग दुसरं गेलं, तेही लावलं. तोवर गावची झाडं मरायला लागली.

"मग ती कशाला भरलीत? ती मरू दिली असती, तर मला कधी कळलंच नसतं."

"तुनी एकलीनी वळ भरनी म्हंजे लबाडी," आप्पा म्हणाले. "म्हनीसन सगळ्यास्न्या भऱ्यात."

त्यांनी फक्त माझी ओळ भरली असती, तर गावची ओळ मेली असती, माझी उभी दिसली असती, आणि मी समितीपुढे छाती काढून गेले असते. पेढे वाटले असते. ते बी शेतकऱ्यांच्या शेतात गेलं असतं आणि तिथं उताणं पडलं असतं, माझ्या नावानं. आप्पांना मुलीसाठी लबाडी करायची होती आणि ती धड जमली नाही, कारण एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, हे त्यांच्या हातून होईना. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पायाही पडायचं होतं. रडू येत होतं, आणि मधेच हसूही येत होतं, त्या रानवांग्याच्या ओळीचं, जिच्यात बिचाऱ्यांना भरायला काही सापडलंच नसेल.

आप्पा माझ्याशेजारी येऊन, गुडघा धरत, हळूच खाली बसले. पडलेल्या झाडांना त्यांनी हात लावला नाही.

"आते तुनं काम जाई का?" त्यांनी विचारलं.

अर्धी ओळ मेली, अर्धी उभी. समिती याला पास म्हणेल की नापास, मला खरंच ठाऊक नव्हतं. उभी आहेत ती का उभी आहेत, हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

"नाही जात, आप्पा," मी म्हटलं. "माझी ओळ चांगली आहे."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान डोलावली. माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता.